बाजेखालची शेगडी

शहाजीकाकांच्या तंबूला दार आहे, पण ते लागत नाही. त्याची चेन त्यांनी स्वतःच्या हातानं कापून टाकली आहे. कडेचं कापडही वाळूपासून वीतभर वर बांधलेलं. जानेवारीत वारा सुटला की तो एका बाजूनं शिरतो आणि दुसऱ्या बाजूनं निघतो, आणि मधे हा पन्नाशीचा माणूस दोन स्वेटर, कानटोपी आणि लोकरीचे मोजे चढवून निजतो. कतारमध्ये कसली आलीय थंडी, असं म्हणणाऱ्यांनी एकदा तिथं निजून बघावं.

उम्म सलाल मोहम्मदच्याही पुढं, उत्तरेकडच्या वाळवंटात हिवाळ्यात भाड्यानं तंबू मिळतात. शहाजीकाका तिथले राखणदार. मूळचे लातूरकडचे. आधी बिरकत अल अवामेरच्या कामगार वस्तीत राहून सुतारकाम करायचे. आम्ही अल अझीझियातली मराठी मंडळी दर वर्षी तिथं एक रात्र काढतो. घरी मऊ गाद्या असताना वाळूत जाऊन कुडकुडायचं, याला हौस म्हणतात. माझ्या नवऱ्याला, अभिजितला, ती फार.

त्या वर्षी संध्याकाळीच गारठा पडला. ईशा, आमची मुलगी, दात वाजवत "आई, आय ॲम फ्रीझिंग" असं म्हणत होती. बाहेर शेगडी होती. निखारे छान लाल झाले होते, धुराचा मागमूस नव्हता. मी ती उचलून तंबूत आणली आणि दाराची चेन ओढून घेतली. पाच मिनिटांत चेन बाहेरून उघडली. शहाजीकाका आत आले, शेगडी उचलली, बाहेर नेली आणि तंबूची दोन्ही दारं सताड उघडी टाकली.

राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो. "अहो, लेकरू कुडकुडतंय आणि तुम्ही वारा सोडताय? अक्कल गहाण टाकलीत का?"

ते गेले आणि एक जाड सतरंजी, गरम पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन आले. बाटल्यांवर मोजे चढवलेले. "थंडी वरनं न्हाई ताई, खालनं येती. ही अंगाखाली टाका. लेकराचे मोजे बदला, ओलसर झाल्यात. बाटल्या पायाशी. शेगडी मातर भाईरच."

"पण शेगडीला धूर कुठाय?"

ते माझ्याकडं बघत राहिले. माझ्याकडं म्हणजे माझ्या खांद्यामागं, जिथं कुणी नव्हतं.

"जालिंदरबी हेच म्हणला हुता."

जालिंदर कोण, ते बाहेर शेकोटीशी कळलं. शहाजीकाकांच्याच गावचा, बालमित्र, तंबूंवरचा दुसरा राखणदार. त्याची आई फुलाबाई ही गावची सुईण. दोघांनाही तिनंच या जगात आणलेलं. बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, वर ओव्याची धुरी, दार बंद. गावातलं प्रत्येक माणूस तिच्या शेगडीवर शेकून मोठं झालं होतं. तिचा एकच मंत्र होता, धूर गेला की भीती गेली. मग निखारे आत घ्यायचे.

दोन हिवाळ्यांपूर्वी जालिंदरला ताप भरला होता. त्यानं आईच्या रीतीनं शेगडी पेटवली, धूर जाऊ दिला आणि आत घेतली. शहाजीकाकांना सामान आणायला गाडी घेऊन जायचं होतं. मित्राला वारा लागू नये म्हणून त्यांनी जाताना चेन लावली, आणि तंबूच्या कडेला सगळीकडून वाळू दाबून बसवली. पहाटे परत आले तेव्हा जालिंदर झोपल्यासारखा पडला होता. गाल लाल. अंगावरचं पांघरूणसुद्धा हललं नव्हतं.

"घरं कौलाची हुती तवर शेगडीचं इख कौलातनं निघून जायचं," ते म्हणाले. "तंबूतनं कुठनं जाणार? मी एक फट ठिवली न्हाई."

तेव्हापासून त्यांना चेन ऐकू येते. सर्र, हळू, आतून कुणीतरी ओढल्यासारखी. म्हणून स्वतःच्या तंबूची चेन कापली, तरी ती ऐकू येतेच. रात्री लोकांच्या तंबूंभोवती फिरताना कडेच्या वाळूत बोटं खुपसून ते फटी पाडतात. कुणी विचारलं तर सांगतात, आत माणूस हाय. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पण त्या रात्री माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही, आणि दार लावायला मी उठले नाही.

सकाळी ते आमच्या गाडीपाशी उभे होते. हातात फोन, चेहरा उतरलेला.

"ताई, तुमी शिकलेल्या. फुलामावशीला जरा समजावता का?"

त्यांची मुलगी सोनम पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. इथल्या कमाईवर त्यांनी गावात स्लॅबचं घर बांधलं होतं, सरकत्या काचांच्या खिडक्यांचं. त्यातल्याच खोलीत सोनम, तिचं बाळ आणि बाजेखाली फुलाबाईंची शेगडी. काकांचं बायकोला बजावून झालं होतं. ती म्हणाली, बाळंतिणीला वारं लागतं, तुमचं कतारचं शहाणपण तिकडंच ठेवा. आणि आता सोनमचा आवाज आला होता फोनवर, "आबा, डोकं लई जड झालंय. मळमळतंय. लेकरूबी नुसतं झोपून हाय, पीत न्हाई."

"मग जालिंदरचं सांगा ना त्यांना!" मी ओरडलेच.

"त्येच सांगितलं न्हाई कधी. हार्टनं गेला म्हणलो. कागद आले इंग्रजीत, कुणाला कळतंय? तिच्या शेगडीनं तिचं पोरगं गेलं हे कुठल्या तोंडानं सांगू?"

व्हिडिओ कॉल मी लावला. पलीकडं सुरकुतलेला, हसरा चेहरा. मी विषारी वायू, ऑक्सिजन, रक्त, सगळं सांगितलं. फुलाबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बाई, माज्या हातावर शेकड्यानं बाळातपणं झाली. एक लेकरू तेवढं गेलं मागल्या थंडीत, चव्हाणाच्या सुनंचं. ते सटवाईनं नेलं. नवं स्लॅबचं घर, वास्तुशांत केली नव्हती त्येंनी."

शहाजीकाकांनी माझ्या हातातून फोन घेतला.

"मावशे, जालिंदर हार्टनं न्हाई गेला. शेगडीनं गेला. तू शिकवल्यागत धूर जाऊ दिला, मग आत घेतली. आन दार मी लावलं. ऊठ मावशे, सोनमला भाईर काढ."

पलीकडं फोन कुठंतरी ठेवला गेला आणि पडद्यावर नुसतं पांढरं छत दिसू लागलं. खिडकीची काच सरकल्याचा आवाज आला. काहीतरी जड फरशीवरून घासत गेलं. "सोनमे, ऊठ! भाईर चल, चल!" बायकांचा गलका झाला. मग कितीतरी वेळ काहीच नाही. मी आयुष्यात इतकी घाबरले नव्हते. मग बाळ रडलं. आधी बारीक, मग चांगलं टाहो फोडून. शहाजीकाका वाळूत खालीच बसले.

"दवाखान्यात न्या," मी फोनमध्ये ओरडत होते, "दोघांना आत्ताच्या आत्ता न्या." अंगणात जीप सुरू झाल्याचा आवाज आला, आणि बायकांचे आवाज लांब गेले.

फुलाबाई परत फोनपाशी आल्या. त्या रडत नव्हत्या.

"शहाजी."

"व्हय, मावशे."

"दोन वरसं झाली त्येला जाऊन. तवाच का न्हाई सांगितलंस?"

काकांनी कानटोपी काढून मांडीवर ठेवली.

"चव्हाणाचं लेकरू सटवाईनं न्हाई नेलं रं," त्या म्हणाल्या आणि फोन बंद झाला.

मार्चमध्ये, चुकून आमच्याबरोबर आलेली त्यांची सतरंजी परत करायला गेले तेव्हा शहाजीकाका भेटले. सोनम आणि बाळ दोघंही ठणठणीत होती. मी भीत भीत विचारलं, चेन अजून ऐकू येते का? त्यांनी मान हलवली. त्या सकाळपासून एकदाही नाही.

"बरं झालं की, काका."

"कशाचं बरं, ताई," ते म्हणाले. "सोनम सांगत हुती, फुलामावशी आता दार सताड उघडं टाकून निजती. रातचं मधीच उठती आन इचारती, लेकरू रडलं का."