शिऱ्याचा डबा

रवा तुपात भाजायला घेतला की मला अमेरिकेतल्या पार्सिपनीतलं ते घर आठवतं. घटस्फोटानंतर मी मुलीला घेऊन मैत्रिणीच्या हॉलमध्ये राहत होते. भाड्याचा मोठा वाटा सरकार भरेल असं व्हाउचर हातात होतं, पण त्याचं नाव काढलं की घरमालक फोन ठेवायचे आणि मुदत तर संपत आलेली. या घराच्या मालकीणबाई मराठी काकू निघाल्या, तेव्हा वाटलं, सुटले एकदाची. त्यांनी वरचा मजला दाखवला, चहा दिला, माहेर विचारलं. व्हाउचरचं सांगितल्यावर मात्र म्हणाल्या, "अगं, कालच एकांना शब्द दिला गं." निघताना मुलीसाठी गरम शिरा डब्यात भरून दिला. गाडीत मुलीने विचारलं, "आई, डिड वी गेट इट?" मी डबा तिच्या हातात ठेवला. महिन्याभराने लांबच्या गावात घर मिळालं. डबा रिकामा कसा परत करायचा, म्हणून मी शिरा करून घेऊन गेले. खिडकीत 'भाड्याने देणे'ची पाटी तशीच होती. बेल न वाजवताच डबा पायरीवर ठेवून मी परत फिरले. आजही मी शिरा केला की मुलगी म्हणते, "त्या काकूंचा बेटर होता." आणि खरं सांगायचं तर, होताच.