मनूला घेऊन खाडी ओलांडताना

त्या वर्षी माझी देवावरची श्रद्धा फार पातळ झाली होती. आमची मनू पाचव्या वर्षात होती आणि बोलत नव्हती. लहानपणी आलेले दोन-चार शब्दही पाण्यात मीठ विरघळावं तसे नाहीसे झाले होते. हाक मारली तर तिचं लक्ष नसायचं, पण मागल्या आगरात सुपारी पडली की तिला बरोबर कळायचं. खिडकीतून येणाऱ्या उन्हात ती तासन् तास बोटं हलवत बसे, आणि चेहऱ्यावर असं हसू असे की वाटावं, ही राहते कुठल्या तरी दुसऱ्याच गावात, आमच्याकडे फक्त जेवायला येते. नवस झाले, दृष्ट काढून झाली. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी कान तपासले, ते चांगले निघाले. मुंबईला मुलांच्या मनाचे डॉक्टर असतात, त्यांच्याकडून एकदा नीट तपासून घ्या, असं त्यांनी सुचवलं. मुंबईत नोकरीला असलेल्या आमच्या ह्यांनी खटपट करून मोठ्या इस्पितळात दिवस ठरवला. घरात मात्र 'मनाचे डॉक्टर' हे शब्दच कुणाला नको होते. "वेडीचा शिक्का एकदा बसला की पुसत नाही," सासरे एवढंच बोलले.

तेव्हा खाडीवर पूल नव्हता. होडीने पलीकडे पूर्णगडला उतरायचं आणि तिथून एसटीने रत्नागिरीला जायचं. निघालो त्या सकाळी धुकं इतकं दाट होतं की पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं, ते कळेना. आम्ही पुढे जातोय की काठच आमच्याकडे तरंगत येतोय, असं वाटत होतं. मनू पाण्यात बोटं सोडून शांत बसली होती. पण काठ आला आणि ती उतरेना. फळी घट्ट धरून ती किंचाळू लागली, उचलायला गेले तर चावली. वर रस्त्यावर हॉर्न वाजला आणि गाडी निघून गेली. मी ओल्या वाळूत तशीच उभी राहिले. देवालाच हे नको आहे, असं वाटलं. होडी हाकणाऱ्या तरीवाल्याला म्हटलं, "परत ने आम्हाला."

"थांब गो बाय, घाई करू नको." होडीत मागे बसलेल्या खैरूनभाभी बोलल्या. आमच्याच काठावरच्या मोहल्ल्यात त्या राहत. त्यांचे यजमान आखातात होते. आमची म्हणाल तर नुसती तोंडओळख. त्या उठून मनूजवळ आल्या, पण तिला हात लावला नाही, तिच्याकडे पाहिलंही नाही. फळीवर तिच्या शेजारी बसल्या आणि तोंड मिटून एकच सूर गुणगुणू लागल्या, कुणी पाळणा हलवताना धरावा तसा. धुक्यात तो सूर कुठून येतोय तेही समजेना. हळूहळू मनूचं किंचाळणं उतरलं आणि त्या सुरात मिसळलं. मग भाभी गुणगुणतच उतरल्या आणि वाळूवरून चालू लागल्या. मनू त्यांच्या मागे गेली.

पुढच्या गाडीची वाट पाहताना मी कुठे निघाले ते त्यांना सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "माझ्या भावाची पोरगी अशीच हाय. कुवेतात असतात ती. आमी पण लय घाबरलो होतो. डॉक्टरान काय केलंन, ठाव हाय? खेळणी मांडलंन नि गप बघत बसला. सुई नाय, काय नाय. तुला इचारतील, ते सगळं सांग. लाजून लपवलंस तर त्यांना पोरगी कळायची कशी?"

रत्नागिरीला त्यांचं काम होतं, ते बाजूला ठेवून त्यांनी आम्हाला मुंबईच्या गाडीत बसवलं आणि मगच गेल्या.

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई वयस्कर होत्या. त्या चटईवर बसल्या आणि ठोकळे पसरून मनूकडे पाहत राहिल्या. मनूने रंगांप्रमाणे रांग लावली, त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मग त्या मला विचारत गेल्या आणि मी सांगत गेले. चवड्यांवर चालणं, प्रत्येक घास हुंगणं, कुकरची शिट्टी झाली की कान झाकून रडणं, आलेले शब्द हरवणं, सगळं. इतकी वर्षं जे झाकलं, ते उघड्यावर ठेवताना वाटलं होतं की मी मरेन. उलट छातीवरचं ओझं उतरत गेलं. शेवटी बाई म्हणाल्या, "ह्याला ऑटिझम म्हणतात. हे वेड नव्हे. आणि आई, तुमच्या हातून काही चुकलं म्हणूनही हे झालेलं नाही. औषध नाही, पण ती शिकेल, तिच्या चालीने." तो शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. बाहेरच्या व्हरांड्यात येऊन मी पुष्कळ रडले, आणि ह्यांनी, जन्मात पहिल्यांदा, चारचौघांत माझा हात धरला.

गावी परतल्यावर मी भाभींना विचारलं, "त्या दिवशी तुम्ही नेमक्या त्याच होडीला कशा?" त्या खळखळून हसल्या. "पहिल्याच होडीनं जायचं होतं गो! पण कोंबडी खुराड्यात जाईना. तिच्या मागं धावले नि होडी गेली."

मी ह्यावर कुणाशी वाद घालत नाही. कोंबडी ती कोंबडीच. पण ज्याला आपण इतक्या हाका मारतो, तो कुठल्या वाटेने येतो, हे ठरवणारी मी कोण?

मनूला पुढे थोडे शब्द आले, थोडे आलेच नाहीत. संध्याकाळी दिवा लावून मी देवापुढे बसते. पूर्वी एकच मागणं असायचं, हिला इतर मुलांसारखी कर. आता हात नुसते जोडलेले असतात. मनू माझ्या शेजारी देवाकडे पाठ करून बसते, दाराबाहेरच्या माडांकडे बघत डुलत असते. मी तिला वळवत नाही. देवाला ती पाठमोरीही ओळखू येते.