जहाजाबाहेर टाकलेला माणूस

माझ्या सासूबाईंइतकी निबर बाई मी आजवर पाहिली नाही. त्या जाऊन जमाना झाला, पण माझा राग काही गेला नाही, आणि जावा असं मला वाटतही नाही.

लग्न होऊन मी बारामतीहून इंदापूर तालुक्यातल्या मळ्यात आले, ती पन्नास सालानंतरची गोष्ट. घरात वाचता येणारी बाई मी एकटीच. थोरल्या जाऊबाईंना तेव्हा क्षय झालेला. बारामतीच्या डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं, सुया चालू ठेवा, वेगळी खोली द्या, बाई बरी होईल. म्हणून बाजारच्या गाडीत भाजीबरोबर त्यांना न्यायचं आणि सुई टोचून आणायचं. सासूबाईंना ते बघवत नव्हतं. "कळसला धाडा तिच्या म्हायेरी. जगंल न्हायतर मरंल," असं त्या जाऊबाईंना ऐकू जाईल असं बोलायच्या. कळसहून त्यांना सुईला कोण आणणार होतं? थोरले दीर आईपुढं ब्र काढत नसत.

दुपारी मेथीच्या जुड्या बांधताना मी सगळ्यांना वाचून दाखवायची. जाऊबाई लांब, आपल्या खोलीच्या उंबऱ्यात बसून ऐकायच्या. भावानं पाठवलेल्या मासिकात एकदा भलतीच गोष्ट आली. चांदण्यांच्या पलीकडं निघालेलं जहाज. भोवती हवा नाही, माणूस नाही, हाक मारली तर ऐकायला कुणी नाही. आणि त्यातल्या एका खलाशाच्या छातीत शेवाळ धरतं. खोकला की हिरवं पडतं.

"हवा न्हाय, तर चूल कशी पेटती?" सासूबाईंनी विचारलं.

"शिळं खातात, आत्याबाई," मी म्हटलं.

पुढं बाकीचे खलाशी त्याला बाहेरच्या कोठडीत ढकलतात. तो दारावर बुक्क्या मारतो. मग ते आभाळाकडचं दार उघडतात.

"बेस केलं!" सासूबाई म्हणाल्या. "एकापायी समद्यांनी मरायचं का?" आणि सरळ उंबऱ्याकडं बघितलं. जाऊबाईंनी तोंडाला पदर लावला.

माझं डोकंच फिरलं. छापलेल्या गोष्टीत ते सगळे सुखरूप परत येतात, त्यांचे हारतुरे होतात. मी तसं वाचलंच नाही. नजर कागदावर ठेवली आणि मनानंच ठोकून दिलं. शेवाळ कप्तानाच्याही छातीत होतं, सगळ्यांच्याच होतं. औषध करायला येत होतं ते फक्त त्या बाहेर टाकलेल्याला. एकेक जण हिरवं ओकत मेला आणि मढी घेऊन जहाज अजून फिरतंय. वाटलं, आता तरी म्हातारी चरकेल.

चरकली. पार पांढरीफटक पडली. मग म्हणाली, "उशीर केला मेल्यांनी. पैल्या खोकल्यालाच भाईर टाकायचा व्हता."

आणि उठून तिनं थोरल्या लेकाला गाडी जुंपायला सांगितलं.

"अवं आत्याबाई, खोटं हाय ते! मी मनानं रचलं!" मी ओरडले.

"छापलेलं खोटं असतं व्हय?"

जाऊबाई रडल्या नाहीत. गाडीत बसल्या. त्यांचं गाठोडं द्यायला मी पुढं झाले तर सासूबाईंनी माझं मनगट धरलं. जाऊबाईंनी वरूनच विचारलं, "ए बाय, त्या भाईर टाकलेल्याचं काय झालं गं? ते न्हाय वाचलंस."

मासिकात त्याच्याबद्दल एक ओळही नव्हती. मलाही काही सुचलं नव्हतं.

"वाचला तो!" मी ओरडून सांगितलं. "उतरला कुठंतरी!"

त्या हसल्या. "लई लबाड हाईस," म्हणाल्या. गाडी हलली.

दिवाळीच्या आधी कळसहून माणूस निरोप घेऊन आला. जाऊबाई गेल्या होत्या. सासूबाईंनी ऐकलं आणि हातातली जुडी नीट बांधून घेतली. "बघ," मला म्हणाल्या, "येळंवर धाडली म्हणून आपुन हाय."

मेथीची भरली पाटी मी उचलली आणि त्यांच्या डोक्यावर उपडी केली.