पडलेल्या माडाची सावली

या ग्रुपवरचे गूढ अनुभव मी आजवर करमणूक म्हणून वाचत आलो. पनवेलला माझं यूपीएस आणि इन्व्हर्टर दुरुस्तीचं काम आहे. दिवा लागला नाही तर कुठेतरी वायर सुटलेली असते, एवढाच माझा जगाबद्दलचा सिद्धांत होता. आज लिहायला बसलोय, कारण ही सुटलेली वायर मला अजून सापडलेली नाही... आणि हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय झोप लागत नाही.

माझा थोरला भाऊ, दादा. केमिकल कारखान्यात आयुष्य गेलं, आता फुफ्फुसं कडक झालीत. ऑक्सिजन काढून देणारं मशीन सतत लागतं. गेल्या मे महिन्यात त्याने एकच धोशा लावला होता — "बाळ्या, एकदा दिवेआगरला ने."

दिवेआगर आमचं आजोळ. दादा तिथे जन्मला. आजोबांनी वाडीत खड्डा काढून त्याची नाळ पुरली आणि वर नारळाचं रोप लावलं. तशी रीतच होती तिथली. मी पनवेलच्या दवाखान्यात जन्मलो, म्हणून मला माड नाही. लहानपणी दादा दुपारी खुशाल आपल्या माडाखाली आडवा व्हायचा. मामी ओरडली की म्हणायचा, "माझा माड माझ्या डोक्यात नारळ टाकणार नाही!" चक्रीवादळात अर्धी वाडी झोपली, त्यात तो माडही गेला.

वहिनीचा जायला साफ नकार होता. "तिकडे लाईटचा भरवसा नाही, भावोजी." मी छाती पुढे काढून म्हणालो, "वहिनी, माझ्याकडे सोलरचा डबा आहे." पोर्टेबल पॉवर स्टेशन, म्हणजे उन्हावर भरणारी मोठी बॅटरी. कॅम्पिंगला नेतो मी तो. सोबत घडीचं पॅनल. वहिनी शेवटी तयार झाली, पण एका अटीवर — ऑक्सिजनचा छोटा सिलेंडर गाडीत हवाच.

तो सिलेंडर मी डिकीत ठेवला. आणि निघताना तंबू, खुर्च्या, शेगडी मावेना, तेव्हा वहिनी लिफ्टमध्ये असताना तो बाहेर काढून पार्किंगमधल्या कपाटात टाकला. तिला सांगितलं नाही. डबा आहे की... असं वाटलं.

दिवेआगरला पोहोचलो तर लाईट नव्हती. तारांचं काम चाललंय, संध्याकाळी येईल, असं मामेभाऊ बबनने सांगितलं. मी मनातून खूशच झालो. आता डब्याची खरी मजा! वाडीच्या समुद्राकडच्या टोकाला माडांमध्ये एक मोकळी जागा होती, वर स्वच्छ आभाळ. पॅनलवर झावळीची एक बोटभर सावली पडली तरी वीज निम्म्याने उतरते, म्हणून मी नेमकी तीच जागा धरली. खुर्चीत बसताना दादा गालात हसला. "इथंच बसवलंस होय रे?" मी लक्ष दिलं नाही.

बबनने डब्याभोवती एक चक्कर मारली. "तुमच्याकडं ऊन मिळत न्हाय म्हणून इकडं भरायला आलास व्हय?"

मला चेव आला. डब्यावर इलेक्ट्रिक केटल लावून सगळ्यांना चहा पाजला. केटल किती वीज खाते हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पण दाखवायचं होतं ना...

डब्यावर दादाचं मशीन नीट चाललेलं पाहून दुपारी वहिनी बबनला घेऊन गाडीने श्रीवर्धनला गेली, दादासाठी ताजी मासळी आणायला. मागे आम्ही दोघं भाऊ.

तीनच्या सुमाराला डबा टीं टीं करायला लागला. बॅटरी तळाला. पॅनलकडून येणारा आकडा जवळजवळ शून्य. ऊन तर असं की वाळूवर डोळा ठरेना. वायर काढून लावल्या. पॅनल पुसलं. काही नाही. पॅनल चार हात बाजूला नेलं, आकडा एकदम वर! हायसं वाटलं. पाच-दहा मिनिटांत परत खाली. पुन्हा हलवलं, पुन्हा तेच. कुणीतरी मागून येऊन पॅनलवर चादर टाकतंय असं... आणि पॅनल तर लख्ख उन्हात!

या धावपळीत चप्पल सुटली. वाळूने तळवे भाजले. मग एका ठिकाणी पाय पडला — गार. एक पाऊल बाजूला, चटका. परत आत, गार. हाताने चाचपत गेलो. गार वाळूचा एक निरुंद पट्टा होता, एका टोकाला पसरत गोल झालेला. त्या गोलात माझं पॅनल होतं. दुसऱ्या टोकाला वाळूने बुजलेला एक खड्डा, त्यात कुजलेल्या मुळ्या. ऊन कलत होतं तसा तो पट्टाही सरकत होता.

माडाची सावली होती ती. फक्त वर माड नव्हता.

तेवढ्यात मशीन बंद पडलं.

दादाच्या बोटाला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजनचा आकडा झरझर उतरायला लागला. ऐंशीच्या खाली... ओठ जांभळे. मोबाईलला रेंज नाही, लाईट गेली की तिथला टॉवरही जातो. मी वाडीच्या दिशेने जीव खाऊन हाका मारल्या. आजूबाजूला कुणी नव्हतं. मी दादाच्या पायाशी बसलो आणि रडत बोललो, "दादा, सिलेंडर मी काढून ठेवला. घरीच आहे. मी मारतोय रे तुला..."

त्याने माझी कॉलर धरली.  डोळ्यांनी पॅनलखालच्या वाळूकडे खूण केली. "तिथं... ने."

मला दुसरं काही सुचत नव्हतं. त्याला काखेत हात घालून ओढत नेलं आणि त्या गार गोलात आडवं केलं. छाती भात्यासारखी हलत होती. हळूहळू ती संथ झाली. मला वाटलं, संपलं. बोटावर पाहिलं तर ब्याऐंशी. मग सत्त्याऐंशी. मग त्र्याण्णव. मशीन नाही, नळी नाही. गार वाळू सरकली की मी त्यालाही थोडं सरकवायचो. बाकी काही करता येत नव्हतं.

गाडी आली ती सुसाट. मासळी ठेवायला वहिनीने डिकी उघडली होती आणि सिलेंडर नाही हे बघून तशीच निघाली होती. धावत आली. "भावोजी, सिलेंडर कुठाय?" मी खरं ते सांगितलं. तिने खाली बसून दादाच्या कपाळावर हात ठेवला आणि दचकली. "इतका वेळ उन्हात ठेवलंत ना यांना? मग अंग गार कसं?" माझ्या मानेची मात्र पुढे आठवडाभर सालं निघाली.

बबन खड्ड्यापाशी उभा होता. "तुला जागा ठाऊक नव्हती व्हय रे? ह्यो दादाचाच माड."

श्रीवर्धनला डॉक्टरांनी तपासलं. बोटाच्या यंत्रात काहीतरी चूक झाली असेल, म्हणाले. घरी येऊन मी डबा उघडला, पॅनल बाकावर लावून पाहिलं. दोन्ही ठणठणीत.

आता दादा फार खालावलाय. रोज म्हणतो, "तिथं ने. तिथं दम लागत नाही." मला एवढंच कळत नाही — जिने मशीन बंद पाडलं तीही तीच सावली, आणि जिने श्वास दिला तीही तीच. ती त्याला न्यायला आली होती की सांभाळायला? आणि मध्ये माझं पॅनल आलं, एवढंच का?  वहिनीकडे हा विषय काढायची माझी हिंमत नव्हती. त्या दिवसापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते.

काल दादाला औषध देऊन ती बाहेर आली, दारात थांबली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "भावोजी, रविवारी निघू. सिलेंडर दोन घ्या. आणि डिकी मी भरणार."