हमीदचाचांनी सांगितलेला भाव

हमीदचाचा जुना ट्रॅक्टर बघायला आले की आधी इंजिनाकडे बघतच नसत. वाकून क्लचच्या पेडलवरून अंगठा फिरवत. रबर किती झिजलंय, यावरून गाडी किती राबलीय ते त्यांना कळे. "मीटर खोटं बोलस, पेडल नही," म्हणत. शहाद्यात जुन्या ट्रॅक्टरचे दलाल बरेच, पण भाव सांगावा तर चाचांनीच.

माझ्या बहिणीला, सुनीताला, नर्सिंगला प्रवेश मिळाला तेव्हा फी भरायला आमच्याकडे विकण्याजोगा एक ट्रॅक्टरच होता. बारा वर्षं ऊस ओढलेला. मी अतिशहाणा! चार पैसे जास्त यावेत म्हणून त्याला लालभडक रंग मारून घेतला. तळोद्याहून दोन गिऱ्हाइकं आली, चकचकीत बॉनेट बघितलं आणि चहासुद्धा न घेता निघून गेली. फी भरायला आठ दिवस उरले, तेव्हा चाचांचं घर गाठलं.

"रंग दिसना का घेणारा इचारस, खाले काय दपाडेल शे? गाडी पुरानी व्हयनी, त्यानी लाज कसाले, भाऊ?" नवा रंग दिसला की खाली काहीतरी दडवलंय असंच घेणाऱ्याला वाटतं, म्हणून त्यांनी मला चांगलंच झापलं.

चौथ्या दिवशी ते अक्कलकुव्याकडच्या एका शेतकऱ्याला घेऊन आले आणि माझ्यादेखत त्याला ट्रॅक्टरचे दोष सांगू लागले. तिसरा गियर कुरकुरतो, अवजार उचलणारी लिफ्ट जड वजन धरत नाही, रंग परवा-परवाचा आहे. या म्हाताऱ्याने सुनीताचं शिक्षण बुडवलं, असंच वाटलं. पण तो शेतकरी हसला. दोष लपवले नाहीत, म्हणूनच त्याचा विश्वास बसला होता. "आते मन्हा भरोसा बसना," म्हणाला, आणि चाचांनी सांगितलेल्या भावात, घासाघीस न करता, गाडी घेऊन गेला.

मी दलाली द्यायला गेलो तर चाचांनी हात जोडले. "तुन्हा पैसा रंगमा गयात. बस व्हयनं." आमच्या घरावर या माणसाचे उपकार आहेत, हे मी आजही कुणालाही सांगतो.

सुनीता नर्स झाली, शहाद्यातच नोकरीला लागली. चाचांच्या शेवटच्या दुखण्यात ती रोज ड्यूटी संपवून त्यांना इंजेक्शन द्यायला जाई. एकदा मीही सोबत होतो. सुई बघून ते म्हणाले, "बेटी, आते मन्हा भंगारना भाव. कसाले तकलीफ लेस?"

सुनीताचे डोळे भरले होते, पण तिने त्यांची बाही वर सारली.

"भाव मी ठरावसू, चाचा. तुम्ही हात सिधा धरा."

चाचांनी हात सरळ पुढे धरला.