लालबागच्या खिडकीतला कंदील

आधीच सांगते, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. आमच्या वरळी कोळीवाड्यात कुणाच्या अंगात आलं की मी सरळ टोपली उचलून बाजाराची वाट धरायचे. पण ही गोष्ट... बघा तुम्हीच.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस. माझं नुकतंच लग्न झालेलं. आमच्या घरामागे टेकाडावर तेव्हा एक छोटा दीपस्तंभ होता. त्याची बत्ती लांबून किनारा दाखवायची, पण खडकांमधली वाट नाही. त्यासाठी आमच्या खिडकीत कंदील लागायचा. वरची बत्ती आणि खालचा कंदील एका रेषेत आले की होडी सरळ आत घालायची. दुसऱ्या कुणाच्या खिडकीत दिवा लावला तर होडी थेट खडकावर! म्हणून हे काम फक्त आमच्याच घराचं.

एके दिवशी कंदिलाची काच तडकली. नवरा, म्हणजे आमच्या होडीचा नाखवा, समुद्रावर. संध्याकाळच्या आत येऊ म्हणून घराला कुलूप घालून, कंदील घेऊन लालबागला गेले. नवी काच बसवली... आणि कर्फ्यू लागला. मावशीच्या चाळीत अडकले.

दिवेलागण झाली तसा जीव थाऱ्यावर राहीना. कंदील पेटवून मावशीच्या खिडकीत ठेवला. समोर गिरणीची भिंत!

"अगो येडे, इथं कोणाची होडी येणार?" मावशी म्हणाली.

"असू दे गं," म्हटलं आणि मला रडू फुटलं.

थोड्या वेळाने खालून पोलीस ओरडला, "ए, बत्ती बंद कर!" घाबरून मी फुंकर मारली.

सकाळी कर्फ्यू उठला तशी धावत घरी आले. बाकीच्या होड्या रात्रभर बाहेर नांगर टाकून थांबलेल्या. आमची एकटी किनाऱ्याला. नवरा कुलपाकडे बघत पायरीवर बसला होता.

"आत कोण होतं गो?" त्याने विचारलं. "खिडकीत बत्ती होती. होडी वाळूला लागली आणि फटकन विझली."

त्याचा खलाशी म्हणाला, "आमाला कायपन दिसला नाय, वहिनी. नाखवानं काळोखातच होडी घातली."

मग नवऱ्याला माझ्या हातातला कंदील दिसला. त्याने तो घेऊन नव्या काचेवरून बोट फिरवलं.

पुष्कळ शिकल्यासवरल्या लोकांना विचारून झालं. आता विचारणंही सोडलं. पण दिवेलागणीला अजून अंगावर काटा येतो – तो पोलीस जरा आधी ओरडला असता तर?