काकीवर न लिहिलेल्या तीन ओळी

तुम्ही कुणावर तीन ओळी लिहिल्या आणि तो माणूस मेला, तर पुढच्या तीन ओळी लिहाल का? खरं बोला. सभेतलं उत्तर नको, उंबऱ्याच्या आतलं द्या.

पोलादपूरच्या वर, घाटाच्या अंगाला एक कोंड आहे. कोंड म्हणजे वाडी. निम्म्या घरांना कुलूप, माणसं मुंबईला. तिथला मुरारी उतेकर हायकू लिहितो. हसू नका. जपानची ही तीन ओळींची कविता आज कुठे कुठे लिहिली जाते, हे तुमच्या साहित्य संमेलनवाल्यांना ठाऊक नसेल, पण मुरारीला ठाऊक आहे. बिरवाडीला खोली घेऊन कारखान्यात बॉयलर सांभाळत होता तेव्हा कुणीतरी त्याला हायकूच्या व्हॉट्सॲप ग्रुपात घातलं. महाडच्या कॉलेजात शिकवणाऱ्या निशिगंधाताई ग्रुप चालवायच्या. त्यांचा नियम एकच: डोळ्यांसमोर असेल तेच लिहायचं. आठवणीतलं नाही, ऐकीव नाही.

हा नियम मुरारीच्या हाडात बसला. नोकरी सुटली, तो कोंडावर परतला, भात-नाचणी करू लागला. रेंज फक्त वरच्या कातळावर. तिथे चढून तो ओळी पाठवायचा. ताई त्यांचं इंग्रजी करायच्या. एकदा आयर्लंडमधून निघणाऱ्या मासिकात त्याचा हायकू आला:

आनंदीबाईचं अंगण
सारवणारा हात पुढे
सावली मागे मागे

रुमानियातल्या एका बसड्रायव्हरने, तोही हायकूवाला, त्याला नमस्काराचं चिन्ह धाडलं. कोंडावर पेढे वाटले. पेढे संपायच्या आत आनंदीबाई गेली. म्हातारी होती, दम्याची होती, गेली. कुणी काही बोललं नाही.

मग गुरं राखणाऱ्या सदूवर लिहिलं.

बांधावर विसरलेली
सदूची काठी
तिच्यावर चतुर बसलाय

हाही छापून आला, आणि सदू घाटात मोटारसायकलवरून गेला तो गेलाच.

आता कोंड बोलला. "तीन तिगाडा, काम बिगाडा! तीन वळी कोन लिवतो रे? वाईट आकडा हाय." शुभकार्याला तिघं मिळून निघत नाहीत अशी ही माणसं. मुरारी दिसला की बाया पदर सावरून आत जायच्या. कुणी म्हणायचं, "माझ्या म्हशीकडं बघू नको रं बाबा, गाभण हाय." त्याची बायको तुळसा तर एकदा भाकरी थापताना म्हणाली, "अवो, चौथी वळ घाला की एक. कोनाचं काय जातंय?"

"मग तो हायकू राहत नाय."

"पण मानूस तर राहील!"

मुरारी महाडला जाऊन ताईंना भेटला. त्या म्हणाल्या, "मुरारीभाऊ, कविता कुणाला मारत नाही. दम्याने माणूस मरतो, घाटात वळण चुकलं की मरतो." बरोबरच होतं. मुरारीलाही ते पटत होतं. पण भरल्या पेठेत बसून पटणं वेगळं, आणि धुकं उतरल्यावर सदूच्या बंद दारावरून एकट्याने जाताना पटणं वेगळं. अंधश्रद्धा म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी एकदा त्या वाटेने चालून बघावं.

त्याने लिहिणं सोडलं. ओळींनी मात्र त्याला सोडलं नाही. बैल पाणी प्यायला, की तीन ओळी. कोंबडी उडाली, की तीन ओळी. तो दात आवळून त्या गिळायचा.

आणि एक दिवस साळूबाईने बोलावलं.

साळूबाई त्याची विधवा काकी. आई लहानपणी गेलेल्या मुरारीला तिनेच वाढवलेलं. पडवीत घसरून खुबा मोडला, तेव्हापासून खाटेवर. उठवायला माणूस, बसवायला माणूस. तिने त्याला जवळ बसवलं.

"मुरारी, माझ्यावर लिव."

"काय काकी, काय तरी!"

"तीन वळी. आनंदीला लिवलंस, सदूला लिवलंस, मी काय तुझी सावत्र हाय? दारात तुझा काका येऊन हुबा ऱ्हातो. आत यायला सांगते तर येत नाय. तू लिवलंस म्हंजी येईल. न्हेईल."

मुरारीने वळून पाहिलं. दारात कुणी नव्हतं. पण काकी बघत होती ती उंबऱ्याच्या वर, माणसाच्या तोंडाच्या उंचीवर.

रोज तो तिला अंग पुसायला उठवायचा आणि रोज ती विचारायची, "लिवलंस?" काकीवर लिहायचं म्हणजे काकीला ढकलायचं. आणि न लिहावं, तर ती तशीच कुजत पडणार. शेवटी त्याने खोटेपणा केला. वर कौलांकडे बघून लिहिलं आणि वाचून दाखवलं:

कौलावर भोपळ्याचा वेल
एक फूल वाकून
घरात डोकावतंय

काकीने ऐकलं. हसली. तुळसाकडून न्हाऊन घेतलं, ठेवणीतलं लुगडं नेसली, आणि वाट बघत पडली. दिवस गेला. दुसरा गेला. लुगडं मळलं.

"मुरारी, हिकडं ये. त्या वळीत मी कुठं हाय रे?"

तो तिचं पांघरूण नीट करू लागला.

"भोपळ्यावर लिवलंस तू. काकीला फशिवतोस? लहानपनी खोटं बोलायचास तवा कान पिळायची. आता हात उचलत नाय म्हनून माजलास?"

त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही. तुळसाच्या हातून घास घ्यायची. तो आला की तोंड भिंतीकडे. एका सकाळी मुरारी तिची औषधं आणायला पोलादपूरला उतरला. परत चढून आला तर अंगणात बाया जमलेल्या. तुळसा म्हणाली, "दाराकडं बघत व्हत्या. 'आलास?' म्हनाल्या. मना वाटलं, तुमीच आलात."

म्हणजे ओळींवाचून गेली. कोंडाचा हिशेब तिथेच खोटा ठरला. कुणी आनंदाने नाचायला हवं होतं. बाया आता दाराआड जात नाहीत. मुरारीचं मात्र उलटं झालं. ज्यांच्यावर लिहिलं ती माणसं मुकाट गेली. जिच्यावर लिहिलं नाही, ती जाईना.

पडवीत तांब्या ठेवला, की "लिवलंस?" गोठ्यात शेण काढताना, "लिवलंस?" कातळावर तर हमखास, अगदी कानामागे. परवा त्याने धीर करून लिहिलं:

उभी करून ठेवलेली खाट
दारातून आलेलं ऊन
बसायला जागा शोधतंय

ताई म्हणाल्या, आजवरचा उत्तम. पण धाडू का म्हणाल्या तर मुरारी नको म्हणाला. कारण लिहून होताच आवाज आला होता, "माझ्यावर लिव म्हनलं व्हतं रे. खाटंवर नाय."

आणि ती बरोबर आहे. डोळ्यांसमोर असेल तेच लिहायचं, तर काकी आता कुठून आणायची? तिचे सुजलेले पाय, तोंड भिंतीकडे फिरवल्यावर दिसणारा तिचा मानेचा मणका, सगळं रोज समोर होतं. तेव्हा तो भीतीने कौलं बघत होता.

त्याची यातून सुटका होईल असं दिसत नाही. पण तुमच्या घरात खाटेवर कुणी असेल, आणि "माझ्यावर लिव" म्हणत असेल, किंवा म्हणत नसेल, तर हा कागद खाली ठेवा. आत जा. त्यांच्याकडे नीट बघा, दिसेल ते लिहा, भ्यायलात तरी लिहा, आणि त्यांना ऐकू येतंय तोवर वाचून दाखवा.